रात्रपाळीचा बॉयलर

६ फेब्रुवारी

पत्र्याचा व्यापारी दरवर्षी एक डायरी भेट देतो आणि दरवर्षी गेन्या ती घेऊन तिच्यात केकच्या कृती उतरवते. यंदा मी बायकोच्या हातातून ती काढून घेतली. रोमेकचं म्हणणं असं, "बाबा, बॉयलरमध्ये जे काय बदलाल ते लिहून ठेवा. नंतर तुम्ही म्हणता, मी असं केलंच नव्हतं." पोरगा तांत्रिक शाळेतून बाहेर पडला तेव्हापासून माझ्याशी असाच बोलतो. बोलू दे. कारखाना पुढे त्यालाच चालवायचाय.

तर विषय असा. ऑक्टोबरपासून लाकडावर घर तापवणाऱ्या बॉयलरला नवा नियम लागणार. बनवायचा तर पाचव्या वर्गाचाच. म्हणजे लाकडातली जवळजवळ सगळी ऊब पाण्यात उतरली पाहिजे आणि धुराड्यातून काजळी, विषारी वायू नावापुरता बाहेर पडला पाहिजे. प्रयोगशाळेचा तसा दाखला नसेल तर बनवायचं बंद. आमच्या गावात बेकऱ्यांपेक्षा बॉयलरचे कारखाने जास्त. आज चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा पाद्रीबुवांचं प्रवचन सोडून लोक पाचव्या वर्गाबद्दल बोलत होते.

आमच्या बॉयलरचं नाव 'रात्रपाळी'. सरकारी ट्रॅक्टर डेपो बंद पडला तेव्हा मी तिथलं वेल्डिंग मशीन उचललं आणि सासऱ्याच्या गोठ्यात पहिला बॉयलर जोडला. तो आमच्याच घराच्या तळघरात बसला, अजून तिथेच आहे. दुसरा एका दूध डेअरीतल्या माणसाने घेतला. तो म्हणाला, "मी रात्रपाळीला असतो. बायको मधेच उठून लाकडं घालणार नाही. सकाळी घरी येईन तेव्हा आत निखारा दिसला पाहिजे." मी हवेची झडप अशी बसवली की संध्याकाळी लाकूड ठासून भरायचं, झडप लावायची, आणि आत आग रात्रभर पेंगत राहते. सकाळी निखारा होता. नाव तिथेच पडलं.

तेव्हापासून गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "सकाळपर्यंत टिकते का?" मी म्हणतो, "टिकते." या एका शब्दावर मी घर बांधलं, शेड बांधली, रोमेकला शिकवलं.

चांगला बॉयलर मी कानाने ओळखतो. पत्र्याला कान लावायचा. आतून आवाज आला नाही की समजायचं, काम फत्ते.

९ फेब्रुवारी

आमची नात हेला पाच महिन्यांची झाली. थंडीत बाहेर झोपलेलं मूल वर्षभर शिंकत नाही, हे गेन्याचं मत, तिच्या आईचंही हेच होतं, आणि मलाही असंच बाबागाडीत घालून बर्फात ठेवत. अंगणात अक्रोडाचं झाड आहे, त्याखाली वारा लागत नाही. रोमेक तिथेच झोपून मोठा झाला.

पण सूनबाई मार्लेना दुपारी गाडी ढकलत निघते ती थेट चर्चच्या पलीकडे, तळ्यापर्यंत. बाळ झोपतं तिकडे, उठल्यावर घेऊन येते. गाडीचं मागचं चाक कुरकुरतं, त्यावरून मला शेडमध्ये बसून कळतं की निघाली.

"अंगणात काय काटे पेरलेत का?" मी गेन्याला विचारलं.

"तिला चालायला आवडतं," गेन्या म्हणाली आणि भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छ होती.

सासूच्या नजरेखाली बसायला नको वाटत असेल, दुसरं काय. सुनांचं असतं तसं.

१२ फेब्रुवारी

तळघरात राख काढत होतो. आमच्या घरात एक गंमत आहे. मी पाइप स्वतः टाकले, सरळ, बाक न घेता, म्हणून वरच्या मजल्यावरचं बोलणं रेडिएटरमधून उतरत बॉयलरपाशी येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. कान बंद करून राख काढता येत नाही, इतकंच.

मार्लेना म्हणत होती, "मी इथे दुसरा हिवाळा काढणार नाही, रोमेक. सांगून ठेवते."

रोमेक म्हणाला, "मग काय करू?"

"दादा म्हणतोय ना, परदेशात त्याच्याकडे, हॅनोव्हरच्या कारखान्यात जागा होईल. नाहीतर तूच सांग त्यांना."

"मी कसं सांगू? त्यांचा जीव आहे त्यात."

मग पाण्याचा पंप सुरू झाला आणि पुढचं गेलं.

'त्यांना' म्हणजे मला. 'जीव' म्हणजे कारखान्यात. न कळण्यासारखं काही नाही. पोरीला वर थंडी वाजते, आणि नवऱ्याची नोकरी नियमामुळे जाणार अशी भीती वाटते. थंडीचा बंदोबस्त लगेच केला. आजपासून संध्याकाळी दोन पाट्या लाकूड जास्त घालतो. नियमाचा बंदोबस्त करायला वेळ लागेल.

२३ फेब्रुवारी

आज चरबीचा गुरुवार. उपवासाचे दिवस लागण्याआधी सगळं गाव गुलाबाच्या मुरांब्याचे तळलेले गोळे खातं. ख्वालिश पिशवी भरून घेऊन आला. ख्वालिशचा कारखाना रस्त्यापलीकडे आहे. माझं गिऱ्हाईक पळवतो, आणि माझ्याशीच पत्ते खेळतो.

"लेऑन, तू खरंच प्रयोगशाळेत जाणार?"

"तू नाही?"

"मला काय वेड लागलंय? मी फक्त बॉयलरवरची नावाची चिकटपट्टी बदलतोय." त्याने मिशीवरची साखर पुसली. "नियम घर तापवणाऱ्या बॉयलरला आहे. माझा बॉयलर धान्य वाळवायला आहे. माणसाने घरी नेऊन त्यात काय वाळवायचं ते त्याने बघावं."

"गावात एवढं धान्य आहे?"

"हळूहळू पिकेल."

हसून हसून ठसका लागला. पण तो गेल्यावर विचार करत बसलो. चिकटपट्टी स्वस्त, प्रयोगशाळा महाग. एडेक माझा सर्वांत जुना वेल्डर, तो गोळा चघळत म्हणाला, "मालक, आपण 'कोंबड्या शेकायला' लिहू. धान्यापेक्षा घराजवळचं वाटतं."

रोमेक हसला नाही. "बाबा, चिकटपट्टी लावलीत तर मला इथे थांबायला काही कारण नाही."

म्हणजे चिकटपट्टीचा विषय संपला.

१४ मार्च

प्रयोगशाळा. 'रात्रपाळी' ट्रेलरवर बांधून भल्या पहाटे निघालो. लाकूड तेच देतात, वाळवलेलं, मोजून. एडेकने त्यातला एक ओंडका हातात घेतला आणि म्हणाला, "हे लाकूड आहे का बिस्कीट?" आमचे लोक शरदात तोडलेलं पाइन त्याच हिवाळ्यात जाळतात.

तपासणाऱ्या इंजिनिअर वोश बाई. बारीक, केस आखूड, कानामागे पेन्सिल. मी चॉकलेटचा डबा नेला होता. तो त्यांनी न बघता बाजूच्या टेबलावर ठेवला, जिथे आधीचे असे बरेच डबे होते.

पूर्ण आचेवर काठावर का होईना, पास. माझी छाती फुगली. मग त्या म्हणाल्या, "आता अर्ध्या आचेवर." मी झडप लावली. आग नेहमीसारखी शांत झाली. मी पत्र्याला कान लावला आणि अभिमानाने म्हणालो, "ऐका, काही ऐकू येतंय?"

"नाही," बाई म्हणाल्या, "पण दिसतंय." पडद्यावरची धुरातल्या घाणीची रेघ वर चढत गेली, पडद्याची जागा संपली तरी चढतच होती. "तुमचा बॉयलर झोपलाय, कुबियाकसाहेब."

"झोपलेला नाही. निखारा धरतोय."

"तेच. निखारा धरतोय, आणि लाकूड अर्धवट भाजून धूर करून वर पाठवतोय. तो धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. गिऱ्हाइकाने पैसे मोजून आणलेलं."

मग त्यांनी खालचं दार उघडलं. "ही दुसरी जाळी कशाला?"

"किरकोळ जाळायला."

"किरकोळ म्हणजे?"

एडेकने मधेच तोंड घातलं, "दुधाचे खोके, जुने जोडे, सासूबाईंचा सोफा."

बाई हसल्या. पण लिहिलं 'काढून टाका'.

निघताना त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर अर्ध्या आचेवरही स्वच्छ जळेल असा बनवा, ते तुमच्याने होणार नाही (हे त्या बोलल्या नाहीत, मी चेहऱ्यावरून वाचलं). नाहीतर झडप काढा, आग मोकळी जळू द्या, जोरात आणि लवकर. आणि सोबत गरम पाण्याची मोठी टाकी सक्तीची करा.

"मग आग सकाळपर्यंत कशी टिकणार?"

"नाही टिकणार," वोश बाई म्हणाल्या.

 

१५ मार्च

कामावर मन नाही. रोमेकने टाकीचं चित्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मी त्यावर कॉफीचा कप ठेवला.

२१ मार्च

बाबागाडीच्या चाकाला तेल घातलं. मला वाटलं, सूनबाईला बरं वाटेल. चाक कुरकुरायचं थांबलं, आणि आता ती कधी निघते ते मला कळत नाही. चूक झाली.

वर गरम व्हावं म्हणून लाकूड वाढवलंय, तर मार्लेना दिवसभर खिडक्या बंद ठेवते. कपडेही न्हाणीघरातच वाळत घालते, बाहेर ऊन असताना. बोललो तर म्हणाली, "असू दे बाबा, आतच बरे वाळतात." एवढी थंडी वाजते म्हणजे अशक्तपणा असणार. गेन्याला सांगितलं, तिला कलेजी खायला घाल.

२ एप्रिल, रविवार

आज हसू की रडू असं झालं.

गेन्या चर्चला जाण्याआधी जवाच्या भरडीचं पातेलं एक उकळी काढून खाली उतरवते, टॉवेलमध्ये गुंडाळते आणि आमच्या पलंगावर पिसांच्या दुलईत पुरून ठेवते. परत येईपर्यंत भरड आपोआप शिजते, वाफाळलेली असते. तिची आई असंच करायची. लग्न झाल्यापासून दर रविवारी ते पातेलं आमच्या पलंगावर असतं. मी विसरलो. चर्चमधून आधी आलो, जोडे काढले, आणि बसलो.

बसलो ते पातेल्यावर.

ओरडलो तसा रोमेक धावत आला. माझी अवस्था बघून भिंतीला टेकून हसायला लागला. मी पार्श्वभाग चोळत म्हणालो, "सकाळी उतरवलंय हे! अजून चटका देतंय!"

रोमेकचं हसणं थांबलं. माझंही बोलणं थांबलं. दोघांनी पातेल्याकडे बघितलं.

"खाली आग आहे का?" तो म्हणाला.

"गप्प बस," मी म्हणालो. "ते चित्र घेऊन ये. कपाखाली आहे."

म्हणजे इतकी वर्षं मी आग सांभाळत बसलो होतो, आणि गिऱ्हाइकाला आग नकोच होती. त्याला सकाळी उबदार घर हवं होतं. टाकी म्हणजे पातेलं, आणि टाकीभोवतीचा जाड कापूस म्हणजे दुलई. संध्याकाळी भडाडून जाळा, टाकी उकळा, मग आग विझली तर विझू दे.

जेवताना गेन्याने विचारलं, पातेल्याला पोचा कसा पडला. रोमेकने मान खाली घालून आणखी भरड वाढून घेतली.

११ एप्रिल

माझा नामदिन, म्हणजे माझ्या नावाच्या संताचा दिवस. उपवासाचे दिवस म्हणून केक नाही, उपवासाला चालणारी कांद्यातली हेरिंग मासळी आणि बटाटे. ख्वालिश आला, बाटली लपवून आणली, पाद्रीबुवा दिसले तेव्हा कोटाच्या आत घातली. धान्य वाळवणारे बॉयलर जोरात खपतायत म्हणाला.

मार्लेनाचा भाऊ फोनवर होता. रोमेक बाहेर जाऊन बोलला, पण अंगणातला आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीला आपटून आत येतो हे त्याला ठाऊक नाही. "मार्टिनच्या सणापर्यंत सांगतो," म्हणाला. म्हणजे नोव्हेंबरची अकरा तारीख. त्याच्या आत बॉयलर पास झाला पाहिजे आणि विकलाही गेला पाहिजे, नाहीतर पोरगा, सून आणि हेला हॅनोव्हरला. नातीला मी मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघायचं.

१९ मे

नवा बॉयलर पेटवला. झडप नाही, दुसरी जाळी नाही. वर लाकूड, मधे विटेला चीर, पंखा धुराला त्या चिरेतून खाली ओढतो आणि खालच्या खोलीत तो धूरच पेट घेतो. भट्टीची वीट पांढरीफटक तापली. धूर पेटलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

पण आवाज! घोंघावतो. पत्र्याला कान लावायची गरजच नाही, अंगणात ऐकू येतो. एडेक म्हणाला, "मालक, याचं नाव रात्रपाळी ठेवता येणार नाही. ख्वालिशची बायको ठेवा."

मला लाज वाटली. एवढी वर्षं गप्प बॉयलर बनवले आणि आता हा भोंगा. विटेची चीर रुंद केली, आवाज कमी झाला. रोमेकने धुराड्यात मीटर खुपसला. "बाबा, घाण वाढली." चीर पुन्हा अरुंद केली. घोंघावला. मीटर खाली. परत रुंद, परत अरुंद. शेवटी रोमेक म्हणाला, "जेवढा ओरडतो तेवढा स्वच्छ जळतो. तुम्ही कान बाजूला ठेवा ना जरा."

कान बाजूला ठेवायचे! मग माझ्याकडे काय उरलं?

चीर अरुंदच ठेवली.

२७ जून

प्रयोगशाळा, दुसऱ्यांदा. यावेळी चॉकलेट नेलं नाही. गेन्याने स्ट्रॉबेरीची टोपली दिली होती, ती वोश बाईंनी मात्र लगेच उघडली.

बॉयलर घोंघावायला लागला. मी माफी मागायच्या बेतात होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता कसा जागा आहे!" पडद्यावरची रेघ खाली, अगदी खाली, सापासारखी पडून. त्यांनी स्ट्रॉबेरी खात खात दिवसभर आकडे उतरवले. मी उभाच होतो. एडेक ट्रेलरमध्ये झोपला.

२४ जुलै

दाखला आला. पाचवा वर्ग. सोबत अट: टाकीशिवाय विकायचा नाही.

गेन्या रडली. एडेकने पक्कड वर फेकली आणि ती पत्र्याच्या छपरावर अडकली. रोमेकने मला मिठी मारली, जे त्याने लग्नातसुद्धा केलं नव्हतं. मार्लेना म्हणाली, "अभिनंदन, बाबा." मग थोडं थांबून, "आपल्याही घरी हाच लावणार ना?"

"छे! आपला पहिला आहे तो, माझ्या हातचा. अजून कारखान्यात बनवल्यासारखा चालतो," मी म्हणालो.

ती हेलाला घेऊन आत गेली. बाळाचं काहीतरी असेल.

३० ऑगस्ट

एकही विकला गेला नाही.

गिऱ्हाईक येतं, दाखला बघतं, मान डोलावतं. मग विचारतं, "सकाळपर्यंत टिकते का?" मी पातेल्याची गोष्ट सांगतो (बसल्याचा भाग वगळून). ते टाकीकडे बघतात. "एवढी मोठी? तळघरात बटाटे कुठे ठेवायचे?" आणि रस्ता ओलांडून ख्वालिशकडे धान्य वाळवायला जातात.

ख्वालिश पत्त्यांना आला तेव्हा पाय वाजवत नव्हता. जिंकणारा माणूस हळू चालतो.

१६ सप्टेंबर

आज एक शेतकरी आला, बायकोसोबत. बाई जाड, लाल गालांची, सगळं हात लावून बघणारी. नवरा किमतीवर अडला होता, ती मात्र बॉयलरभोवती फिरून आली आणि मला सरळ म्हणाली, "तुमच्या घरी कुठला लावलाय?"

मी म्हणालो, "घरी माझा जुना..."

"अस्सं," ती म्हणाली. नवऱ्याला म्हणाली, "चल."

एडेक वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून उभा होता. रोमेकने माझ्याकडे बघितलंही नाही, बाहेर गेला. संध्याकाळभर मनात तो 'अस्सं' घुमत राहिला. चहावाला स्वतःच्या दुकानातला चहा पीत नसेल तर मी तरी तिथे पिईन का?

पण तळघरातला तो माझा पहिला आहे. त्याच्या दारावर मी वेल्डिंगने नाव काढलंय, 'ले. कु.', तेव्हा हात थरथरला होता म्हणून 'कु' वाकडा आहे.

८ ऑक्टोबर

थंडी लागली. तळघरातला पेटवला. मार्लेनाने वरच्या खिडक्या बंद केल्याचा आवाज एकामागून एक आला. संध्याकाळी पाइपमधून फक्त एवढंच ऐकू आलं:

"मार्टिनच्या सणापर्यंत म्हणालास."

"हो."

"पुढच्या महिन्यातच आहे तो."

मी लाकूड ठासून भरलं, झडप लावली, आणि मग बराच वेळ त्या वाकड्या 'कु'कडे बघत बसलो. एक जरी विकला गेला तर पोरगा थांबेल. आणि विकायचा तर घरी हाच लावून दाखवायला हवा. सरळ हिशोब आहे. सरळ हिशोबाला एवढा वेळ का लागतो कळत नाही.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. सगळे दफनभूमीत, दिवे लावले. आई-बाबांच्या थडग्यावर पिवळी शेवंती ठेवली. टेकडीवरून गाव दिसतं. थंड, वारा नाही, आणि गावावर राखाडी पट्टा पडलेला, छपरं बुडालेली. सगळे बॉयलर चालू होते. त्यातले बरेच माझे असणार.

"सगळ्यांची घरं गरम आहेत," मी म्हणालो.

मार्लेनाने हेलाच्या तोंडावर मफलर ओढला.

तिथेच एडेकला सांगितलं, उद्या कटर घेऊन ये.

३ नोव्हेंबर

कापला. मीच कापला, एडेकला हात लावू दिला नाही. पत्रा अजून जाड होता, तेव्हा पत्रा मिळायचा तसा. मागच्या नळीत काजळी नव्हती, डांबर होतं, बोटभर जाड, काळं चकचकीत. एडेकने खरवडून वास घेतला आणि बोट फडक्याला पुसलं. 'ले. कु.' लिहिलेलं दार काढून शेडच्या भिंतीला लावलं. बाकीचा भंगारात.

टाकी आत नेताना तळघराचा दरवाजा फोडावा लागला. बटाटे गेन्याने जिन्याखाली हलवले आणि मला दिवसभर त्याबद्दल सुनावलं.

७ नोव्हेंबर

नवा चालू. संध्याकाळी एकदा भडाडून जळतो, मग गप्प. सकाळी उठलो, बॉयलर थंडगार, आणि घर उबदार. मला ते खोटं वाटलं. दोनदा रेडिएटरला हात लावून बघितला.

एक तोटा झाला. जळत असताना एवढा घोंघावतो की पाइपमधलं वरचं काही ऐकू येत नाही. मार्टिनचा सण तोंडावर, आणि मला काही कळेनासं झालंय.

सप्टेंबरमधल्या त्या लाल गालांच्या बाईंना फोन केला. म्हणालो, या, तळघर बघा. शनिवारी दोघं येतो म्हणाली.

११ नोव्हेंबर

मार्टिनचा सण. बेकरीसमोर रांग, मी खसखशीच्या सारणाचे रोगाल, चंद्रकोरीसारखे गोड पाव, आणले. लाल गालांची बाई अकरा वाजता आली, नवऱ्याला दारातच उभं करून तळघरात उतरली. दिवसा मुद्दाम पेटवून ठेवला होता. टाकीला मिठी मारून बघितली, रेडिएटरला गाल लावला. वर येऊन नवऱ्याला म्हणाली, "हाच." तो म्हणाला, "पण आवाज..." ती म्हणाली, "तू काय कमी घोरतोस?" सौदा झाला. एक झाला, पण झाला.

दुपारी सवयीने चाकाची वाट बघितली. तेल कधीच वाळलं होतं, चाक पुन्हा कुरकुरत असे. आज आवाज नाही.  मार्टिनचा सण आहे, गेली असेल सामान बांधायला, असं मनात आलं. शेडमधून बाहेर आलो.

गाडी अक्रोडाखाली होती. टप खाली केलेला, हेला झोपलेली, नाक लाल, ओठांशी वाफ. मार्लेना शेजारी उलट्या बादलीवर बसून रोगाल खात होती.

"हळू," ती म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय."

"आज तळ्याकडे नाही?"

"कशाला? इथे काय वाईट आहे?"

मी वर बघितलं. धुराड्यातून काही निघत नव्हतं. आग विझली! धावत तळघरात गेलो. घोंघावत होता, खालची खोली पांढरीफटक. परत वर आलो. धुराड्याच्या तोंडाशी फक्त हवा थरथरत होती, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. दोरीवर हेलाची दुपटी वाळत होती. पांढरी. बाहेर.

पाइप आता काही सांगत नाहीत, म्हणून सरळ विचारलं. "हॅनोव्हरचं काय ठरलं?"

मार्लेनाने घास थांबवला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पाइपांनी."

ती तोंडावर हात दाबून हसली, बाळ उठू नये म्हणून. मग म्हणाली, "रोमेकने सकाळीच दादाला फोन केला. नको म्हणून सांगितलं."

"एक बॉयलर विकला गेला म्हणून?"

"सकाळी? सकाळी तो विकला कुठे गेला होता?"

मी टोपी मागे सरकवली.

"बाबा, मला हॅनोव्हरला जायचंच नव्हतं. मी एवढंच म्हणाले होते की इथे दुसरा हिवाळा काढणार नाही."

"थंडी वाजत होती ना."

मार्लेनाने माझ्याकडे बघितलं.  अर्धा रोगाल तोडून माझ्या हातात दिला आणि मान वर करून धुराड्याकडे बघितलं. मीही बघितलं. मग दोघं गाडीकडे बघत बसलो, मी उभ्यानेच, कारण बादली एकच होती.

बादलीवर बसून तिची पाठ दुखेल. शेडमध्ये ओकची एक फळी आहे आणि जुन्या बॉयलरचे चार पाय भंगारात टाकायचे राहिलेत. उद्या रविवार, वेल्डिंगचा आवाज नको. सोमवारी अक्रोडाखाली बाक जोडून देतो.